डोळ्यांना न दिसणारा उजेड

नरडाण्याचं ऊन आपल्याला कुणी शिकवायला नको. निंदणीला गेलं की हात काळे पडतात. पण कातडी भाजणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. शाळेच्या पुस्तकात त्यांना अतिनील किरण म्हणतात. न दिसणाऱ्या या उजेडाचे फोटो माणसानं कसे काढले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

1801 मध्ये जर्मनीत रिटर नावाच्या संशोधकानं उन्हाचे सात रंग चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर पाडले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं कागद सर्वांत जास्त काळवंडला. तिथं उजेड होता!

1842 मध्ये इंग्लंडात हर्शेल यांनी लोहक्षार लावलेल्या कागदावर उन्हानं निळा छाप उमटवायची रीत शोधली. हे काम मुख्यतः अतिनील किरण करतात. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईनं कॅमेऱ्याशिवाय, पाणवनस्पती अशा कागदावर ठेवून, उन्हात तापवून, पाण्यात धुऊन छाप घेतले. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून तिचंच नाव घेतात.

आता आपल्या महाराष्ट्राचं. पुण्याच्या 'आयुका' संस्थेनं इस्रोच्या साथीनं सूर्याचे अतिनील फोटो काढणारी 'सूट' ही दुर्बीण बनवली. 2 सप्टेंबर 2023 ला ती आदित्य-एल1 यानातून निघाली. हवेतला ओझोन यांतले बरेच किरण अडवतो, म्हणून तिला अवकाशात धाडावं लागलं; तिची जागा पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर आहे. डिसेंबर 2023 मध्ये तिचे सूर्याचे फोटो सर्वांनी पाहिले.

छंद म्हणूनही हे फोटो काढतात. साध्या मोबाइलची काच हे किरण अडवते. म्हणून छंदी लोक कॅमेऱ्याच्या आतली गाळणी काढून घेतात आणि भिंगावर फक्त अतिनील किरण सोडणारी काच बसवतात. मग आपल्याला पिवळं दिसणारं सूर्यफूल मध्यभागी काळं आणि कडेला उजळ दिसतं. मधमाशीला हा फरक दिसतो, कुठं उतरायचं ते तिला कळतं.

हा खर्च गटाला झेपणार नाही. पण नोट तपासायची अतिनील बॅटरी मिळते. तिच्या उजेडात नोटेवरचा नंबर चमकतो. अंधारात विंचू हिरवट-निळा चमकतो. ही चमक डोळ्यांना दिसते, म्हणून साध्या मोबाइलनंही तिचा फोटो येतो. सुरुवात इथूनच करावी.

दोन गोष्टी मात्र पदराला गाठ मारून ठेवा. बॅटरी कुणाच्या डोळ्यांवर धरू नका, आणि भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. म्हणून बॅटरीत काही दिसलं नाही, तरी सरपणात हात घालण्याआधी काठीनं ते हलवाच. न दिसणारं नसतंच असं नाही, हे रिटरच्या कागदानं दोनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.