लीळाचरित्र, मिरर डिस्क आणि खरी कॉपी कोणती?

आजचा भाग पुलगावहून. हेडफोन लावा, कारण आज दोन गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत. एक म्हणजे घरच्या स्टोरेज सर्व्हरमधली डिस्क गेली तर काय करायचं. दुसरी म्हणजे आपल्याच विदर्भात रचलेला एक अख्खा ग्रंथ सातशे वर्षांपूर्वी हरवला, तेव्हा लोकांनी काय केलं.

आधी थोडा डिस्कचा इतिहास. 1956 साली आयबीएमने रॅमॅक नावाचा कॉम्प्युटर आणला. त्याची हार्ड डिस्क कपाटाएवढी होती. आत 24 इंचाच्या 50 तबकड्या, आणि एवढं सगळं करून त्यात मावायची साधारण 50 लाख अक्षरं. म्हणजे तुमच्या मोबाईलमधला एखादा मोठा फोटो. पुढे डिस्क लहान आणि स्वस्त झाल्या. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडा, असं त्यांचं म्हणणं. पण दहा डिस्क जोडल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून माहिती जास्तीची साठवायची, एक गेली तरी काम चालू राहील अशी. यालाच आपण ‘रेड’ म्हणतो. घरच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात, तोही याचाच एक प्रकार.

आता आपला विदर्भ. पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य इथे राहत होते. म्हाइंभट त्यांच्याकडून स्वामींच्या आठवणी ऐकायचे. या आठवणी माणसांबरोबर जातील, हे त्यांनी ओळखलं. मग ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, ऐकलं, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. 1278 च्या सुमाराचं हे काम. त्यातून झालं ‘लीळाचरित्र’, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. आजच्या भाषेत सांगायचं तर हा ओरल हिस्टरीचा प्रोजेक्ट होता.

आणि मग डिस्क गेली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खलजींच्या स्वाऱ्या दख्खनमध्ये आल्या. त्या धावपळीत मूळ पोथी हरवली. बॅकअप कुठे होता? माणसांच्या डोक्यात. हिराइसासारख्या लोकांना लीळा पाठ होत्या. त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पण अनेकांनी आठवून लिहिलं म्हणजे अनेक पाठ तयार झाले. एकात एक गाव, दुसऱ्यात दुसरं. एकात वाक्य लांब, दुसऱ्यात तोकडं.

इथे त्या लोकांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. न जुळणारी आठवण त्यांनी खोडली नाही. ती सुद्धा लिहून ठेवली, आणि बऱ्याच ठिकाणी कोणाची आहे ते नावही दिलं. अशा वेगळ्या आठवणीला त्यांचा शब्द होता ‘वासना’. म्हणून विसाव्या शतकात ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे यांना पोथ्या शेजारी ठेवून ताडून पाहता आलं.

आता हे माझ्या सर्व्हरवर कसं लागू होतं ते बघा. मी पुलगावच्या बंद पडलेल्या कापड गिरणीतल्या जुन्या कामगारांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवतो. त्यातले काही जण आता नाहीत. ते पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत. मागच्या उन्हाळ्यात दोनपैकी एक डिस्क टकटक वाजायला लागली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, लाईटही जाते, त्यात डिस्क चार वर्षांची.

तेव्हा मी ज्या क्रमाने गेलो तो सांगतो. पहिलं, सर्व्हरवर नवीन काही लिहिणं थांबवलं. दुसरं, चांगल्या डिस्कवरचं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. हे रिबिल्डच्या आधीच करायचं. नवी डिस्क लावल्यावर उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. ती त्याच वयाची असेल तर नेमकी तेव्हाच मान टाकू शकते. तिसरं, केबल बदलून पाहिली, कारण कित्येकदा दोष वायरचा असतो. चौथं, स्मार्ट रिपोर्ट पाहिला. त्यात बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरचे आकडे असतात. ते आकडे रोज वाढत होते. म्हणजे केबल ठीक, डिस्क संपली.

डिस्क बदलली, पण खरी डोकेदुखी पुढे होती. जुने बॅकअप एकत्र केले तर एकेका मुलाखतीच्या तीन-तीन फाइल. नाव तेच, साइज वेगळी. डुप्लिकेट उडवणारी अ‍ॅप्स भरपूर आहेत, पण नाव बघून उडवणं म्हणजे जुगार. त्याऐवजी हॅश काढायचा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. ठसा जुळला तर फाइल तीच, जास्तीची काढा. ठसा जुळला नाही तर दोन्ही ठेवा, ऐका, आणि नावातच लिहा: कुठल्या फोनवरून आली, कधीची, पूर्ण की कापलेली. फाइलच्या तारखेवर विसंबू नका, कॉपी करताना ती बदलू शकते. माझ्याकडे एका मुलाखतीची ‘डुप्लिकेट’ चार मिनिटं जास्त निघाली. त्या चार मिनिटांत आजोबांनी गिरणीचा भोंगा गावाला वेळ कशी सांगायचा ते सांगितलंय.

अजून एक. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर चुकून काही डिलीट झालं की दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं. म्हणून तीन कॉपी, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

आणि पासवर्ड जपा. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. पोथ्या मठांत सुरक्षित राहिल्या, पण बाहेरच्यांना कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे हा खजिना सगळ्यांसाठी उघडला. तुमच्या डिस्कला एन्क्रिप्शन असेल तर त्याची किल्ली घरात अजून एका माणसाला माहीत हवी. तुमच्यामागे ती उलगडायला कोणी राजवाडे येईलच असं नाही.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज तुमच्या फोनमध्ये असेल तर त्याची दुसरी कॉपी दुसऱ्याच्या घरी पाठवा, आणि फाइलच्या नावात बोलणाऱ्याचं नाव व तारीख टाका. भेटू पुढच्या भागात.