वर्ध्याची बा, पुण्याची रोहिणी

आम्ही वर्धेकर. त्यामुळे घरी कुणी पाहुणा आला की त्याला सेवाग्राम दाखवून आणायची ड्यूटी ठरलेली. इतक्या वेळा गेलोय की पाहुणे कुठे रेंगाळणार आणि कुठून सटकणार ते पाठ झालंय. बापूकुटीत सगळे थांबतात, चप्पल काढून आत बसतात, हळू आवाजात बोलतात. शेजारच्या बा कुटीत मात्र नुसतं डोकावायचं आणि पुढे. फोटोसुद्धा क्वचितच.

वास्तविक ती खोली बांधण्यामागे साधं, घरगुती कारण होतं. १९३६ साली गांधीजी सेगावात (सेवाग्राम हे नाव १९४० चं) राहायला आले, तेव्हा एकाच छपराखाली सगळा गोतावळा. बांना स्वतःचा असा कोपराच नव्हता. जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी ही कुटी बांधून दिली. अख्ख्या देशाची 'बा' असलेल्या बाईला साठी उलटल्यावर हक्काची खोली मिळाली!

बांचं हे कडेला असणं पडद्यावर ज्या बाईने पकडलं ती पुण्याची. रोहिणी ओक, लग्नानंतर हट्टंगडी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली तयार झालेली. तिथेच जयदेव हट्टंगडी भेटले आणि मुंबईत परतल्यावर दोघांनी प्रायोगिक रंगभूमी धरली. लोर्काच्या 'येर्मा' वरून बेतलेलं 'चांगुणा' हे त्यातलं गाजलेलं नाटक. म्हणजे ॲटनबरोंना सापडली तेव्हा ही काही नवशिकी पोरगी नव्हती, रंगमंचावर घासूनपुसून झालेली नटी होती.

'गांधी' चं शूटिंग नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झालं. बेन किंग्जले (मूळचा कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे डॉक्टर) तेव्हा रॉयल शेक्सपियर कंपनीतला मुरलेला नट, पण सिनेमात जवळपास अनोळखी. आणि समोर जेमतेम तिशीची रोहिणी. तिला दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण कस्तुरपासून चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेलेल्या बांपर्यंत सगळं करायचं होतं, तेही इंग्रजीत. लोक मेकअपचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी कमाल मेकअपपलीकडची आहे. संडास साफ करण्यावरून नवरा हाताला धरून दाराबाहेर ओढतो तो प्रसंग पुन्हा पाहा. अपमान, राग, आणि मग "हा माणूस असाच आहे" हे उमजणं, सगळं काही क्षणांत. तिथे किंग्जले महात्मा नाही, एक हट्टी नवरा आहे, आणि तो तसा दिसतो तो तिच्यामुळे.

बांचा मृत्यू २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत झाला. सेवाग्रामच्या त्या खोलीत त्या परतल्याच नाहीत. चित्रीकरणही आगाखान पॅलेसमध्येच झालं. पुण्याच्या मुलीने पुण्यातच, खऱ्या जागी, बांचं मरण उभं केलं. हे सुचलं की अजूनही अंगावर काटा येतो.

१९८३ साली सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा तिला मिळालं, 'रेड्स' मधल्या मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. ऑस्करमध्ये सिनेमाला आठ बाहुल्या मिळाल्या, किंग्जलेला एक. रोहिणीला साधं नामांकनही नाही.

पुढे काय झालं? किंग्जलेला 'शिंडलर्स लिस्ट' मिळाला, 'सेक्सी बीस्ट' मधला अंगावर येणारा गुंड मिळाला, २००२ मध्ये सर झाला. एका भूमिकेतून दुसऱ्या टोकाला उडी मारायची मुभा त्याला होती. आपल्याकडच्या हिशोबात मात्र एकदा म्हातारी शोभली की कायमची म्हातारी. 'सारांश' (१९८४) मध्ये मुलाच्या अस्थींसाठी झगडणाऱ्या बापाची बायको, हे तरी सोनं होतं, पण 'अग्निपथ' (१९९०) मध्ये ती थेट अमिताभची आई, वयाने त्याच्याहून लहान असून! त्यासाठी फिल्मफेअर मिळालं हे खरं, पण याला कौतुक म्हणायचं की शिक्षा?

अर्थात ती काही रडत बसली नाही. 'अर्थ' आहे, 'पार्टी' साठी राष्ट्रीय पुरस्कार आहे, आणि जयदेवांनी बसवलेलं 'अपराजिता' आहे, एकटीने पेललेला अख्खा प्रयोग. तिथे ती कुणाची बायको किंवा आई म्हणून कडेला नाही. माझ्या मते कस्तुरबानंतरचं तिचं खरं उत्तर तेच. पण नाटकाचं असंच असतं, प्रयोग संपला की पुरावा संपतो.

मालिकेचा पुरावा मात्र संपता संपत नाही :-) 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग. आमच्या आजीला मी एकदा कौतुकाने 'गांधी' लावून दिला. बा पडद्यावर आल्या, आजीने चष्मा सावरला आणि म्हणाली, "अव, हे तं देशमुखाची सासू व्हय!"