धूळपाटीकडून शिळाछापाकडे : मुंबई इलाख्यातील अध्यापनसाधनांचे स्थित्यंतर

अध्यापनाचे नवे साधन शाळेत आले की अध्यापनही आपोआप नवे होते, अशी समजूत सर्वत्र आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी शाळांत छापील पुस्तकाचा प्रवेश झाला. त्या घटनेचा विचार केल्यास ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे पाहता येते.

पेशवाईच्या अखेरीस पंतोजींच्या शाळेतील साधने मोजकी होती. मूल प्रथम धूळपाटीवर अक्षरे गिरवी, पुढे बोरूने मोडी वळण घटवी. पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे पाढे मुखोद्गत केले जात आणि सायंकाळी परवचा होई. पुस्तक जवळजवळ नव्हतेच. प्रत्येक मुलाची प्रगती निराळी असल्याने सर्वांना एकच पाठ देण्याचा प्रश्नही उद्भवत नसे. हिशेब आणि पत्रव्यवहार यांपुरते हे शिक्षण पुरेसे होते. म्हणूनच ते टिकून होते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १३ डिसेंबर १८२३ च्या टिपणात देशी शाळांतील अध्यापनपद्धती सुधारणे व शाळांना पुस्तके पुरविणे या दोन्ही गोष्टींवर भर दिला. तत्पूर्वीच, १८२२ मध्ये, मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली होती. १८२७ पासून ती ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली.

या पुस्तकांच्या निर्मितीत शिळाछापाचे स्थान महत्त्वाचे आहे. सुट्या खिळ्यांचे मुद्रण खर्चाचे होते आणि जोडाक्षरांमुळे त्याचा व्याप वाढे. शिळाछापास खिळे लागत नसत; लेखकूचे हस्ताक्षरच दगडावरून कागदावर उतरे. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जे तंत्र कोणतेही वळण उतरवू शकत होते, त्याने व्यवहारातील मोडी सोडून बाळबोध का स्वीकारली? मोडी छापणे अशक्य नव्हते. विल्यम केरी यांचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूर येथे मोडी खिळ्यांनीच छापला गेला होता. तेव्हा बाळबोधची निवड यंत्राने लादलेली नव्हती. ग्रंथलेखनाची परंपरा बाळबोधची होती व नव्या शिक्षणास ग्रंथ हवा होता, हेच तिचे कारण संभवते. परिणाम असा झाला की वाचनाची लिपी एक आणि घरच्या व्यवहाराची दुसरी, असे द्वैत शाळेत आले. विसाव्या शतकातही शाळांतून मोडी शिकविली जात होती, ती या द्वैताचीच साक्ष होय.

पद्धतीच्या बाबतीत आणखी एक विरोधाभास आढळतो. वरच्या विद्यार्थ्यांनी खालच्यांना शिकविण्याची जी पद्धती इंग्रजांनी सुधारणा म्हणून पुरस्कारिली, तिचे एक मूळ अँड्र्यू बेल यांच्या मद्रास येथील प्रयोगात होते. मलबारी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे काढताना पाहून त्यांनी तीच रीत उचलली आणि त्या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. अशा रीतीने त्याज्य मानलेल्या धूळपाटीची सख्खी बहीण विलायतेत गौरविली गेली.

पुस्तक हाती आले तरी पाठांतर सुटले नाही. पूर्वी पाढे पाठ होत. आता धडे पाठ होऊ लागले. खरा पालट झाला तो अन्यत्र. एकसारख्या प्रती मिळू लागल्यामुळे अनेक मुलांना एकाच वेळी एकच धडा देणे शक्य झाले. १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाल्यावर मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची माला तयार झाली आणि पुस्तकाचा क्रम हाच विद्यार्थ्याच्या प्रगतीचा क्रम ठरला. ‘चार बुके शिकलेला’ हा वाक्प्रचार या घडामोडीचा भाषेत उरलेला ठसा आहे.

यावरून एवढे निष्पन्न होते की, छापील पुस्तकाने शाळेची रचना बदलली. शिकविण्याची रीत मात्र शिक्षकाच्या तयारीइतकीच बदलली. सोसायटीने पुस्तकांबरोबर शिक्षक तयार करण्याचेही काम हाती घेतले, यातच तिची दूरदृष्टी दिसते. वर्गात येणाऱ्या कोणत्याही नव्या साधनाचे मूल्यमापन करताना या दोन परिणामांची गल्लत होऊ देता कामा नये.