शेरा : सतत गैरहजर

गेल्या पावसाळ्यात चार दिवस गावी जाणं झालं. गाव म्हणजे ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "हे कुठे आलं?" मग मी नंदुरबारपासून सुरुवात करतो, प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडायला लावतो आणि शहाद्यापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे समोरच्याचा उत्साह संपलेला असतो. असो.

तर झालं असं, की आमच्या भावकीतला एक सातवीतला मुलगा वही-पेन घेऊन घरी आला आणि मलाच विचारायला लागला, "काका, तुमच्या वडिलांच्या वेळची शाळा कशी होती?" शाळेतली सातआठ मुलं मिळून शाळेचा इतिहास लिहीत होती. हस्तलिखित करायचं, स्नेहसंमेलनात मांडायचं, एवढाच बेत. गुरुजींनी मुलांना गावात पिटाळलं होतं : म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुने फोटो असतील तर बघा, फोटो मागून आणू नका, तिथेच बघा. (हे शेवटचं वाक्य ऐकून गुरुजींबद्दल माझा आदर वाढला. मागून आणलेले फोटो परत जात नाहीत हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.)

मी मुलाला म्हटलं, माणसांना विचारा, पण आधी जनरल रजिस्टर बघा.

ज्यांचा शाळेच्या कार्यालयाशी संबंध फक्त दाखला काढण्यापुरता आला, त्यांच्यासाठी सांगतो. शाळेत बऱ्याच प्रकारच्या वह्या असतात : हजेरीपत्रक, डेडस्टॉक, शेरेबुक, लॉगबुक. पण जनरल रजिस्टर हे कायमचं दप्तर. हजेरीपत्रकं काही वर्षांनी नष्ट केली तरी चालतात, हे चालत नाही. मुलाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेवटी शेरा. एका माणसाला एक आडवी ओळ. खेड्यातल्या बहुतेक माणसांबद्दल सरकारदरबारी लिहिलं गेलेलं पहिलं वाक्य हेच, आणि पुष्कळांच्या बाबतीत सातबारा सोडला तर शेवटचंही हेच.

त्यातली गंमत म्हणजे जन्मतारखा. तुमच्याही घरात एखादे काका-मामा १ जूनला जन्मलेले असतील. पूर्वी मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. धरता आला, की मूल शाळेच्या वयाचं झालं! जन्माची नोंद कुणाकडे नसे. आई सांगणार, "मोठ्या पुराच्या साली झाला." मग शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून, आणि साल अंदाजाने. माझे वडीलही त्यातलेच. त्याच तारखेने ते नोकरीला लागले, त्याच तारखेने निवृत्त झाले, आणि आम्ही आयुष्यभर त्याच तारखेला त्यांना श्रीखंड खायला घालत होतो. खरा जन्म थंडीतला होता असं आजी सांगायची.

हे रजिस्टर पूर्वी कपाटाच्या तळाशी लाल फडक्यात पडून असायचं, त्याला किंमत आली ती दाखल्यांमुळे. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आणि जमातींचा ६ सप्टेंबर १९५० चा. जात पडताळणीत त्या तारखांच्या आधीची शाळेची नोंद सापडली तर तिच्याइतकं वजनदार दुसरं काही नाही. आमच्या जिल्ह्यात तर या एका ओळीसाठी लोक आजोबांच्या शाळा शोधत सातपुड्याच्या पायथ्याची गावं पालथी घालतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर शाळांची कपाटं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. एरवी त्यांना कोण विचारतं!

पण सगळ्याच शाळांची कपाटं उघडण्यासारखी राहिलेली नाहीत. एका गावात (नाव नको) माझ्या मामाच्या नोंदीसाठी गेलो होतो. इमारतीची दुरुस्ती चालली असताना दप्तर व्हरांड्यात ठेवलं होतं आणि मधे एक पावसाळा गेला. रजिस्टर होतं, पण त्याची वीट झाली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, सुटायला गेली की शाईसकट सुटणारी. मामाची ओळ त्या विटेत कुठेतरी आहे.

धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. उभं आयुष्य त्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करण्यात घालवलं. त्या मानाने आपल्या माळ्यावर काय आहे? पण ज्यांच्या घरी सनदा नव्हत्या, ज्यांचे आजोबा कुणाचे दिवाण नव्हते, त्यांचं दप्तर म्हणजे हेच शाळेचं कपाट, असं मला आता वाटतं.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, चक्क हाताने लिहून. पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक निघालं. म्हणजे हस्तलिखित हा काही कमीपणाचा प्रकार नाही, आपल्या खानदेशात त्याला चांगली परंपरा आहे. मुलांना साने गुरुजी माहीत होते, पण रोज हाताने लिहायचे हे ऐकून त्यांना कीवच आली बहुधा!

आणि शिरीषकुमार तर आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला पाठ. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबारची मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. शाळेत असताना प्रभातफेरीत आम्ही ही पाच नावं ओरडत जायचो. एका मुलीने विचारलं, "मिरवणुकीत बाकीचे कोण होते?" मला उत्तर देता आलं नाही. जे घरी परत आले त्यांची नावं स्मारकावर नसतात. त्या दिवशीचं हजेरीपत्रक असतं तर निदान वर्गात कोण नव्हतं ते कळलं असतं, असं ती म्हणाली. सातवीतली मुलगी!

तिसऱ्या दिवशी शाळेत गेलो. गुरुजींनी रजिस्टर स्वतः टेबलावर आणलं, मुलांना हात धुऊन पुसून यायला लावलं. फोटो काढायचा आणि नाव, गाव, इयत्ता एवढंच उतरवायचं. जातीचा रकाना उतरवायचा नाही, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. हे मला फार पटलं. शंभर घरांच्या गावात स्नेहसंमेलनाच्या टेबलावर कुणाच्या पणजोबाची जात चुकीची लिहिली म्हणून भांडण व्हायला वेळ लागत नाही.

एका पानावर मुलं अडखळली आणि मला बोलावलं. आडनाव आमचं, वडिलांचं नाव माझ्या आजोबांचं आणि नाव माझ्या फुईचं. (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.) दाखल १९५१, इयत्ता पहिली. शाळा सोडली १९५४, इयत्ता तिसरी. शेरा : सतत गैरहजर.

मी ते दोनदा वाचलं. आमच्या घरात आजवर सगळे हेच सांगत आले, की फुई शाळेत गेलीच नाही. ती स्वतःही बँकेत अंगठा उठवते. तिसरीपर्यंत शिकलेली बाई अंगठा उठवते आणि पन्नास वर्षं कुणाला संशय येत नाही...

संध्याकाळी मुलांना घेऊन तिच्याकडे गेलो. फुई आता ऐंशीची आहे, कान जरा कमी, बाकी ठणठणीत. मी मोबाईलवर पान मोठं करून दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. मग शेऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं.

"खोटं आहे," ती म्हणाली. "मी रोज जायची."

मग हळूहळू बाहेर आलं. आजी शेतात जायची, तेव्हा धाकट्या भावाला फुईच्या कडेवर दिलं जायचं. पोर घेऊन वर्गात बसायची सोय नव्हती, पोर रडायचं. म्हणून ती बाहेर खिडकीखाली बसायची. आत पाढे चालले की बाहेर ही म्हणायची, पोराला मांडीवर हलवत. गुरुजी हजेरी घेताना आतून नाव पुकारायचे, ही बाहेरून "हजर" म्हणायची, पण ते ऐकू जायचं नाही, किंवा गेलं तरी धरायचं नाही. काही महिन्यांनी तिने जाणं सोडलं. लिहायचं हळूहळू विसरली, आणि लग्न झाल्यावर सासरी सांगायलाही लाज वाटली, की शिकलेली होते आणि विसरले. त्यापेक्षा शिकलेच नाही म्हणणं बरं.

कडेवरचं पोर म्हणजे माझे वडील. त्याच रजिस्टरात काही पानं पुढे १९५७ साली त्यांची ओळ आहे, १ जून जन्मतारखेसकट. वर्तणूक : उत्तम. वडील आता नाहीत. त्यांना हे ठाऊक होतं का, हे मी फुईला विचारलं नाही. विचारायला जीभ रेटली नाही.

मुलांपैकी एकाने विचारलं, "आजी, पाढे अजून येतात?" तिने एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. मला येत नाही. मुलांनाही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलांचा वाद लागला, की रजिस्टरातला शेरा दुरुस्त करता येईल का. गुरुजी म्हणाले, रजिस्टरला हात लावायचा नाही, जे लिहिलंय ते लिहिलंय. पण तुमच्या वहीत तुम्ही काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मुलांनी डाव्या पानावर रजिस्टरातली ओळ जशीच्या तशी उतरवली आणि उजव्या पानावर फुईने सांगितलेलं. मग त्यांना वाटलं, हे सगळ्यांचंच करावं. डावीकडे नोंद, उजवीकडे माणूस. आता हस्तलिखित स्नेहसंमेलनापर्यंत पूर्ण होत नाही, हे उघड आहे.

मी परत येताना एवढंच सांगून आलो, की फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून शाई खाते, आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. रजिस्टर आडवं ठेवा, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर. लाल फडकं बदलायला हवं, त्याचा रंग पानांना लागलाय. दिवाळीला जाईन तेव्हा पाच वार मांजरपाट न्यायचा आहे. फुईने तिच्यासाठी पाटी-पेन्सिल मागवली आहे. हल्ली पाट्या प्लॅस्टिकच्या मिळतात, तिला दगडी हवी आहे. पुण्यात कुठे मिळत असेल तर कळवा.