हेडफोन, ध्वनिमिश्रणाचे (अल्पखर्ची)

संगीताचे मुद्रण, संयोजन आणि मिश्रण करताना ध्वनीतील गुणदोष झाकले न जाता कानी पडावेत यासाठी वापरले जाणारे हेडफोन. मिश्रण म्हणजे गायन, तबला, हार्मोनियम, गिटार इत्यादींचे स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित केलेले आवाज, त्यांची पातळी, डावी-उजवी जागा आणि परस्परांतील समतोल ठरवून, एकत्र आणणे. हे काम परंपरेने ध्वनिसंस्कारित खोलीतील स्पीकरवर होत आले आहे. परंतु अशा खोलीचा खर्च आणि सदनिकेतील शेजाराची अडचण यांमुळे घरगुती स्टुडिओत हेडफोन हेच बहुधा मुख्य साधन असते. श्रवणसुखासाठी बनवलेल्या हेडफोनमध्ये खर्ज आणि वरच्या कंप्रता अनेकदा मुद्दाम उठावदार केलेल्या असतात, त्यामुळे सदोष मिश्रणही गोड लागते. मिश्रणाच्या हेडफोनकडून याच्या नेमकी उलट अपेक्षा असते. प्रस्तुत नोंदीत ‘अल्पखर्ची’ ही संज्ञा 2020 च्या दशकातील भारतीय बाजारात साधारणतः 15,000 रुपयांच्या आत किंवा त्या मर्यादेच्या काठावर मिळणाऱ्या तारयुक्त हेडफोनसाठी वापरली आहे.

इतिहास : अमेरिकेतील यूटा राज्याचे रहिवासी नॅथॅनिएल बाल्डविन यांनी बनवलेले हेडफोन 1910 च्या सुमारास अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेशांसाठी स्वीकारले. चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला पातळ पटल जोडून ध्वनी निर्माण करणारा गतिक प्रकार जर्मनीतील बायर कंपनीने 1937 मध्ये डीटी 48 या नावाने आणला, आणि आजचे जवळजवळ सर्व अल्पखर्ची हेडफोन याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेत जॉन कॉस यांचे स्टिरिओ हेडफोन 1958 मध्ये आले. झेनहायझर कंपनीच्या एचडी 414 या 1968 मधील हेडफोनने मागून उघड्या रचनेला लोकमान्यता मिळवून दिली. सोनी कंपनीचे एमडीआर-7506 हे 1991 मध्ये आलेले हेडफोन अजूनही विक्रीत आहेत.

अल्पखर्ची वर्गाच्या दृष्टीने व्हिएन्नातील एकेजी कंपनीच्या के 240 चा इतिहास विशेष महत्त्वाचा आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत मुख्य पटलाभोवती सहा निष्क्रिय पटले बसवलेली होती, म्हणून ती सेक्स्टेट या नावाने ओळखली जाते. तिचा संरोध 600 ओहम होता. पुढे के 240 डीएफ ही आवृत्ती विसरित क्षेत्राला, म्हणजे सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात येणाऱ्या ध्वनीला कान जसा प्रतिसाद देतो त्याला, अनुसरून जुळवण्यात आली. एकेजी 1990 च्या दशकात अमेरिकेतील हर्मन समूहात गेली, 2017 मध्ये हर्मन कंपनीच सॅमसंगने विकत घेतली आणि त्याच वर्षी व्हिएन्नातील केंद्र बंद झाले. सध्याची के 240 स्टुडिओ ही 55 ओहमची, सुटी करता येणारी तार असलेली आवृत्ती चीनमध्ये तयार होते. डोक्यावर दोन बारीक कमानी आणि त्यांखाली आपोआप जुळणारा पट्टा ही तिची धाटणी सुपरलक्स एचडी 681 आणि सॅमसन एसआर850 या आणखी स्वस्त हेडफोननी उचलली, आणि त्यामुळे फार थोड्या पैशांत या वर्गात प्रवेश करणे शक्य झाले.

रचना : उघड्या रचनेत कपाची मागची बाजू जाळीदार असून पटलाच्या मागचा आवाज बाहेर जाऊ दिला जातो, त्यामुळे कपात कोंडलेल्या हवेचा घुमारा कमी होतो आणि निरनिराळे आवाज सुटेसुटे ऐकू येतात, मात्र अगदी खालचा खर्ज सहसा उतरतो. बंद रचनेत खर्ज टिकतो आणि बाहेरचा गोंगाट अडतो, पण कपाच्या पोकळीचे स्वतःचे अनुनाद मूळ आवाजात मिसळतात. गायकाच्या कानातील मेट्रोनोमची टिकटिक किंवा तानपुरा त्याच्यासमोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरणे, ज्याला स्टुडिओत ब्लीड म्हणतात, ते रोखायचे तर बंद रचनेला पर्याय नाही. अर्धउघड्या रचनेत दोन्हींचे गुण आणि दोन्हींचे दोष अंशतः येतात.

संरोध आणि संवेदनशीलता : संरोध म्हणजे बदलत्या विद्युत्प्रवाहाला होणारा एकूण विरोध, तो ओहममध्ये मोजतात. जास्त ओहमचे हेडफोन व्यावसायिक दर्जाचे आणि कमी ओहमचे मोबाइलपुरते, हा समज खरेदी करणाऱ्यांत बराच रूढ असला तरी निराधार आहे. आवाज किती मोठा येईल हे संरोध आणि संवेदनशीलता यांवर मिळून ठरते. त्यातही काही कंपन्या संवेदनशीलता 1 मिलिवॉट शक्तीला आणि काही 1 व्होल्ट विद्युत्दाबाला मिळणाऱ्या डेसिबेलमध्ये देतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केल्यास हमखास फसगत होते. उदा., के 240 स्टुडिओचा संरोध 55 ओहम असून संवेदनशीलता दर मिलिवॉटला 91 डेसिबेल आहे, तर बायरडायनॅमिक डीटी 990 प्रोच्या 250 ओहमच्या आवृत्तीची संवेदनशीलता दर मिलिवॉटला 96 डेसिबेल आहे. 1 व्होल्ट दिला असता पहिल्यात सुमारे 18 आणि दुसऱ्यात 4 मिलिवॉट शक्ती खर्च होते, आणि ध्वनिपातळी अनुक्रमे सुमारे 104 व 102 डेसिबेल येते. म्हणजे संरोधात साडेचारपट अंतर असूनही दोन्ही जवळपास सारख्याच जोराने वाजतात. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम50एक्स मात्र 38 ओहम व दर मिलिवॉटला 99 डेसिबेल असल्यामुळे तेवढ्याच विद्युत्दाबावर 113 डेसिबेलपर्यंत जातात, आणि सुमारे 10 डेसिबेलची ही वाढ कानाला ढोबळमानाने दुप्पट आवाजासारखी वाटते. मोबाइलवर के 240 क्षीण वाटतात याचे कारण हेच. त्यांच्या घडणीत काही उणे आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

उगमाचा संरोधही पाहावा लागतो. मायक्रोफोनचा संकेत संगणकात नेणाऱ्या व तेथून हेडफोनकडे परत आणणाऱ्या पेटीला इंटरफेस म्हणतात. तिच्या हेडफोन-खोबणीचा संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशापेक्षा जास्त नसावा असा संकेत आहे. म्हणजे 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहम आणि 250 ओहमच्या हेडफोनला सुमारे 31 ओहमपर्यंतचा उगम चालतो. ही मर्यादा ओलांडली गेल्यास, ज्या कंप्रतांना हेडफोनचा स्वतःचा संरोध वाढतो त्या, बहुधा खर्जातल्या, कंप्रता फुगून ऐकू येतात आणि मिश्रणकार मुळात नसलेला खर्ज कापू लागतो. जुन्या किंवा फार स्वस्त इंटरफेसवर जास्त ओहमचे हेडफोन या दृष्टीने अधिक निर्धोक ठरतात, मात्र त्यांना पुरेसा विद्युत्दाब मिळाला पाहिजे.

कंप्रता-प्रतिसाद : निरनिराळ्या कंप्रता हेडफोन कोणत्या पातळीवर वाजवतो हे दाखवणारा आलेख. वेष्टनावर छापलेली 10 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ यांसारखी मर्यादा निवडीसाठी निरुपयोगी आहे, कारण त्या मर्यादेत पातळी किती डेसिबेलने वरखाली होते हे तीत सांगितलेले नसते. कानाच्या पडद्याजवळ मोजलेला सरळ रेषेतला आलेख म्हणजेही तटस्थता नव्हे. कर्णनलिकेच्या अनुनादामुळे समोरच्या स्पीकरचा आवाज पडद्यापर्यंत पोचताना सुमारे 3 किलोहर्ट्झच्या आसपास 10 डेसिबेल किंवा त्याहून अधिक वाढतो, आणि मेंदू त्या वाढीलाच सहज मानत असल्याने हेडफोननेही ती पुरवावी लागते. वाढीचे नेमके स्वरूप कोणते असावे याविषयी जर्मनीत ग्युंटर थाइले यांनी 1980 च्या दशकात विसरित क्षेत्राचे प्रमाण पुढे मांडले. 2010 च्या दशकात हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या चाचण्यांवरून, चांगल्या खोलीतील चांगल्या स्पीकरशी जुळणारा आणि खर्जात काहीसा उंच असा आलेख सुचवला. यांपैकी मिश्रणासाठी कोणता अधिक योग्य, यावर एकमत झालेले नाही.

खरेदीदाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष येरुन ब्रेबार्ट यांच्या 2017 मधील अभ्यासाचा आहे. त्यांनी 283 हेडफोनचे प्रतिसाद तपासले आणि प्रतिसाद व किरकोळ किंमत यांच्यात संबंध आढळला नाही. अधिक पैसे मोजल्याने बांधणी, सुटे भाग आणि आराम यांत फरक पडू शकतो. आवाजाचा खरेपणा किमतीवरून ताडता येत नाही.

स्वस्त हेडफोनमधील सर्वांत त्रासदायक दोष 6 ते 10 किलोहर्ट्झच्या पट्ट्यातील उंचवटा हा होय, आणि मराठी गायनाच्या मिश्रणात तो विशेष घातक ठरतो. मराठीत स आणि श यांच्या जोडीला ‘चमचा’, ‘जरा’, ‘झरा’ यांतील दंत्य च, ज, झ येतात, आणि या वर्णांच्या घर्षणाची बरीच ऊर्जा याच पट्ट्यात असते. हेडफोन हा पट्टा वाढवून ऐकवत असेल तर मिश्रणकार सीत्कार दाबणारी प्रक्रिया गरजेपेक्षा जास्त लावतो, आणि तेच गाणे इतर साधनांवर वाजले की भावगीतातले किंवा अभंगातले शब्द बोथट होऊन पडतात. उलट त्या पट्ट्यात दरी असेल तर सीत्कार तसेच राहून जातात. संगीतात शब्दाला मान असलेल्या परंपरेत हा दोष खर्जातील उणिवेपेक्षा गंभीर मानला पाहिजे.

तानपुऱ्याचा आवाज तपासणीसाठी फार उपयुक्त आहे. रुंद घोडीवरील जवारीमुळे तारेच्या नादात स्वरसंवादी अधिस्वरांची मोठी रांग उमटते, याचा भौतिकीय अभ्यास सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केला. इतक्या विस्तृत पट्ट्यात अखंड भरून राहणारा नाद हेडफोनमधील खाचखळगे लपू देत नाही: चांगल्या हेडफोनवर जवारी एकसंध उलगडते आणि सदोष हेडफोनवर एखादाच अधिस्वर शिट्टीसारखा पुढे येतो. तबल्याच्या जोडीतील डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून खर्जाची परीक्षा होते. डग्ग्यावर मींड घेताना घसरत जाणाऱ्या नादाची पातळी मध्येच उसळली किंवा खचली तर त्या ठिकाणी प्रतिसादात दोष आहे असे समजावे.

ज्ञात दोष संगणकावरील समतोलकाने (इक्वलायझरने) बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतात आणि अनेक प्रचलित हेडफोनच्या मापनांवर आधारित दुरुस्तीचे आकडे विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्या मॉडेलची मापने उपलब्ध आहेत तेच घ्यावे, हा निकष किमतीच्या निकषापेक्षा सरस आहे.

मर्यादा : स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानापर्यंतही सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी विलंबाने पोचतो, हेडफोनवर तसे होत नाही. त्यामुळे डावी-उजवी विभागणी अतिरुंद वाटते, मध्यभागीचा गायक डोक्याच्या आत बसल्यासारखा भासतो आणि रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमार, अधिक स्पष्ट ऐकू आल्याने कमी लावला जातो. दोन्ही वाहिन्यांचा आवाज अल्प प्रमाणात एकमेकींत मिसळून हा परिणाम सौम्य करण्याची योजना बेंजामिन बाउअर यांनी 1961 मध्ये मांडली. आज ती संगणकीय स्वरूपात मिळते. केवळ हेडफोनवर केलेले मिश्रण अंतिम मानावे की नाही याविषयी व्यावसायिकांत मतभेद आहेत.

बिनतारी हेडफोन : ब्लूटूथमधील विलंबामुळे मुद्रणासाठी अयोग्य.

वापराने मुरणे : नवे हेडफोन काही तास वाजवल्यावर सुधारतात हे मत प्रचलित आहे.

प्रमुख मॉडेल : सोनी एमडीआर-7506 बंद रचनेचे, 63 ओहमचे व हलके असून श्वास, टिचकी, कापाकापीचे सांधे असे मुद्रणातील बारीक दोष शोधण्यात ते उत्कृष्ट आहेत; त्यांची गुंडाळीदार तार सुटी होत नाही. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम40एक्स हे बंद असून एम50एक्सच्या तुलनेत अधिक समतोल आहेत आणि त्यांची तार बदलता येते. डीटी 990 प्रो उघडे, अत्यंत आरामदायी आणि दुरुस्तीला सोपे, पण त्यांच्यात 8 किलोहर्ट्झच्या आसपास ठळक उंचवटा आहे, त्यामुळे समतोलकाविना ते गायनाच्या मिश्रणाला घेऊ नयेत. के 240 स्टुडिओत खालचा खर्ज कमी आहे, मात्र गायन आणि तंतुवाद्ये ज्या मधल्या पट्ट्यात असतात तो पट्टा ते प्रामाणिकपणे मांडतात. सुपरलक्स एचडी 681 मध्ये वरचा उंचवटा तीव्र असला तरी दुरुस्ती लावल्यास त्यांच्या किमतीच्या मानाने मिळणारे फळ लक्षणीय आहे.

निगा : कानावरच्या गाद्या हा प्रतिसादाचाच भाग आहे. त्या दबल्या, फाटल्या किंवा चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली तर, विशेषतः बंद रचनेत, खर्ज गळतो. कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे घामामुळे पापुद्रे निघतात आणि दमट हवेच्या कोकणपट्टीत हे लवकर घडते. मूळ मापाच्या गाद्या बाजारात मिळतात की नाही हे खरेदीपूर्वीच पाहावे. वेगळ्या मापाच्या किंवा वेगळ्या कापडाच्या गाद्यांनी प्रतिसाद बदलतो आणि आधीची दुरुस्ती लागू पडत नाही.

श्रवणसुरक्षा : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबेल ही मर्यादा असून दर 3 डेसिबेल वाढीला अनुज्ञेय वेळ निम्मा होतो, 89 डेसिबेलला आठवड्याचे 5 तासच उरतात. कमी पातळीवर खर्ज कानाला मुळातच कमी ऐकू येत असल्याने मिश्रणभर एकच मध्यम पातळी राखणे समतोलाच्या दृष्टीनेही हितावह आहे.

गायन मुद्रित करायचे असून एकच जोड घेणे शक्य असेल तर एटीएच-एम40एक्स किंवा एमडीआर-7506 घ्यावेत; मुद्रण अन्यत्र होत असून घरी केवळ मिश्रण करायचे असेल तर के 240 स्टुडिओ घ्यावेत आणि वाचलेल्या रकमेतून गाद्यांचा एक जादा जोड घेऊन ठेवावा.