देवीच्या लसीपासून नॅनोकणांपर्यंत: ठाणे-कल्याण पट्ट्यातील लसीकरण

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचली गेली आणि तिथे फोड धरला. भारतात लागू पडलेली ही पहिली लस. त्याआधी युरोपातून निघालेला लसीचा द्रव वाटेतल्या उष्म्याने अनेकदा निकामी झाला होता. बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असे टप्पे घेत तो आला, तेव्हा कुठे टिकला. या मुलीच्या फोडातून घेतलेली लस पुढे पुणे, सुरत, मद्रास अशी देशभर गेली. ठाणे आणि कल्याण ही तर मुंबईच्या दारातली गावे. इथल्या लसीकरणाचा पुढचा दोनशे वर्षांचा इतिहास मुख्यतः एकाच अडचणीभोवती फिरतो: लसीतला नाजूक ऐवज या हवेत शाबूत कसा न्यायचा? नॅनोतंत्रज्ञान हे त्या प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे उत्तर आहे.

पहिले उत्तर होते माणूस. लस टोचलेल्या मुलाला आठवड्याभराने फोड आला की त्यातला द्रव काढून पुढच्या मुलाला टोचायचा. साखळी एकदा तुटली की लस संपली, म्हणून एका गावची मुले दुसऱ्या गावी नेण्याची वेळ येई. आईबापांची नाराजी उघड होती. आपल्या मुलाच्या अंगातला फोड परक्याने फोडायचा, आणि परक्या जातीच्या मुलाचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात घालायचा, हे दोन्ही नको असे. या विरोधाला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण या पद्धतीत उपदंशासारखा रोगही एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाऊ शकत होता. शिवाय देवी हा आजार शीतलादेवीचा कोप किंवा तिचे घरी येणे मानला जाई. तिला अडवण्याची भाषाच अनेकांना उद्धट वाटे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाच्या जागी वासरू आले. मुंबईत डॉ. अनंत चंद्रोबा दुखले यांनी वासराच्या कातडीवर लस वाढवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. माणसांची साखळी सुटली, जातीचा आणि संसर्गाचा प्रश्न बराचसा मिटला. वासराला इजा करण्याचा नवा आक्षेप मात्र उभा राहिला. मुंबई शहरासाठी १८७७ मध्ये आणि जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये लसीकरणाचे कायदे झाले. त्या काळचा ठाणे जिल्हा आजच्या पालघरला पोटात घेऊन थेट दमणच्या हद्दीपर्यंत पसरलेला होता. पावसाळ्यात वाटा बंद आणि उन्हाळ्यात लस मलूल, त्यामुळे देवी काढण्याचे काम मुख्यतः हिवाळ्यात उरकले जाई.

ही उष्म्याची मर्यादा विसाव्या शतकात गोठवून वाळवलेल्या लसीने मोडली. पाणी काढून टाकलेली भुकटी महिनोन्‌महिने टिके; गावात गेल्यावर तिच्यात द्रव मिसळायचा. जोडीला आली दुतोंडी सुई. तिच्या दोन टोकांच्या बेचक्यात लसीचा नेमका एक थेंब अडके आणि दंडावर साधारण पंधरा वेळा टोचले की काम होई. मोठ्या दवाखान्याची गरज उरली नाही. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण आढळला. दंडावरचा गोल वण मात्र ठाण्या-कल्याणातल्या जुन्या पिढीच्या अंगावर अजून आहे.

पोलिओच्या तोंडी लसीला भुकटीची ही सोय नव्हती. तिच्यासाठी बर्फाचा डबा अखंड सांभाळावा लागे. कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असे. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होई, आणि तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी फेकायची. १९९५ मध्ये देशभर सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेत अशा कुप्या घेतलेले कर्मचारी स्थानके आणि बस थांबे धुंडाळत. रोज लोकल भरभरून माणसे येणाऱ्या-जाणाऱ्या या पट्ट्यात केवळ घरोघर फिरून मुले सापडणार नव्हती.

नॅनो हा शब्द लसीच्या संदर्भात बातम्यांत आला तो कोविडच्या काळात. वस्तू मात्र आधीच येऊन गेली होती. हिपॅटायटिस ‘बी’ची लस १९८६ पासून यीस्टच्या पेशींत बनवता येऊ लागली. यीस्टला विषाणूच्या फक्त बाह्य कवचाच्या प्रथिनाचा जनुक दिला जातो. तयार झालेली प्रथिने आपसूक एकत्र येतात आणि सुमारे २२ नॅनोमीटरचे गोलक बनतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. गोलकात विषाणूची जनुके नसतात, त्यामुळे रोग होण्याचा प्रश्नच नाही. पण आकार आणि पृष्ठभाग विषाणूसारखा असल्याने शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला गांभीर्याने घेते. सुटे प्रथिन दिले तर इतका जोरदार प्रतिसाद मिळत नाही. ही लस आता सरकारी वेळापत्रकात जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात जन्मलेले बाळ नॅनोकणांची ओळख नाव ठेवण्याआधीच करून घेते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लसही याच कुळातली.

१६ जानेवारी २०२१ ला कोविड लसीकरण सुरू झाले. कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरापुढे रांगा लागल्या त्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनसाठी, आणि या दोन्ही लसी नॅनोतंत्राच्या नव्हत्या. नॅनोतंत्राची लस होती सीरमचीच कोव्होव्हॅक्स, जिला २८ डिसेंबर २०२१ रोजी आणीबाणीची परवानगी मिळाली. तिच्यातले कोविड विषाणूचे काटा-प्रथिन ज्या पेशींत वाढवतात त्यांचे मूळ अमेरिकन लष्करी अळीत आहे. मक्याच्या शेतात शेतकऱ्याला रडवणारी हीच ती अळी. प्रथिनांचे झुबके करून नॅनोकण बनवले जातात आणि प्रतिसाद वाढवण्यासाठी चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला घटक मिसळला जातो.

एमआरएनए लशींची गोष्ट आणखी निराळी. इथे शरीरात प्रथिन जात नाही, ते बनवण्याची कृती जाते, आणि ही कृती लिहिलेला रेणू रक्तातल्या विकरांपुढे क्षणभरही टिकत नाही. म्हणून त्याला सुमारे शंभर नॅनोमीटरच्या लिपिडकणात गुंडाळतात. त्यातले एक लिपिड रक्तात विद्युतभाररहित राहते; पेशीने कण गिळला, आतली आम्लता वाढली की त्यावर धनभार येतो, पिशवी फुटते आणि रेणू बाहेर पडतो. फायझरच्या एमआरएनए लसीला मात्र टिकून राहण्यासाठी उणे ७० अंशांच्या आसपासचा गारठा लागे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांतले फ्रीज त्यासाठी बनलेलेच नव्हते.

४ डिसेंबर २०२१ रोजी कोविड विषाणूच्या ओमायक्रॉन या उपप्रकाराचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण डोंबिवलीत आढळला. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या प्रवाशाच्या नमुन्यातून ही बाब उघड झाली. याच उपप्रकारावर बेतलेली भारतीय एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवली. जेमकोव्हॅक-ओएम नावाची ही वर्धक मात्रा जून २०२३ मध्ये आली. लिपिडकणांच्या आधाराने जाणारा तिचा एमआरएनए वाळवून भुकटीच्या रूपात ठेवलेला असतो, त्यामुळे २ ते ८ अंश पुरतात, आणि ती सुईऐवजी दाबाच्या झोताने त्वचेत सोडली जाते. डोंबिवलीतल्या रुग्णानंतर दीड वर्षाने ती उपलब्ध झाली. तोवर रांगा ओसरल्या होत्या आणि वर्धक मात्रेसाठी कोणी फारसे विचारत नव्हते. पण ही लस ठेवायला वेगळा शीतगृह-खर्च लागत नाही; बालकांच्या नेहमीच्या लसी ज्या फ्रीजमध्ये राहतात, त्याच तापमानात तीही राहते.