'स्पेअर पार्ट्स' : सायबरमेनच्या जन्माची श्रुतिका

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९८९ मध्ये खंडित झाली. १९९६ चा एक दूरचित्रपट वगळता २००५ पर्यंत ती पडद्यावर परतली नाही. या मधल्या काळात, १९९९ पासून, 'बिग फिनिश' या ब्रिटिश संस्थेने मालिकेतील मूळ नटांनाच घेऊन सीडीवर नव्या श्रुतिका काढल्या. मार्क प्लॅट लिखित आणि गॅरी रसेल दिग्दर्शित 'स्पेअर पार्ट्स' (२००२) ही त्यांतील अत्यंत सरस अशी चार भागांची श्रुतिका होय.

तिचा विषय सायबरमेनचा उगम हा आहे. किट पेडलर आणि गेरी डेव्हिस यांनी १९६६ मध्ये हे पात्र निर्माण केले. पेडलर स्वतः वैद्यकीय संशोधक. एकेक अवयव बदलत गेल्यास अखेरीस माणूस म्हणून काय उरेल, ही भीती त्यांच्या कल्पनेच्या मुळाशी होती. पुढे दूरचित्रवाणीने सायबरमेनना निव्वळ धातूचे शिपाई करून टाकले. प्लॅट यांनी त्या मूळ भीतीकडेच पुन्हा लक्ष वेधले.

मोंडास हा पृथ्वीचा जुळा ग्रह सूर्यापासून दूर भरकटला आहे. पृष्ठभाग गोठलेला, उरलेली माणसे जमिनीखालच्या एकाच शहरात. वातावरण मात्र १९५० च्या दशकातील इंग्लंडमधल्या कामगार वस्तीचे. पृष्ठभागावर काम करण्यासाठी माणसांना बोलावणे येते आणि त्यांची शरीरे बदलली जातात. येथे कोणी खलनायक नाही. हे तंत्र घडविणारी डॉक्टरमन ॲलन (होय, स्त्री असूनही पदवी हीच) मद्यात बुडालेली आहे, कारण आपण काय करीत आहोत हे तिला ठाऊक आहे.

हार्टली कुटुंबातील इव्हॉन ही अशक्त मुलगी या कामासाठी नेली जाते आणि अर्धवट रूपांतरित अवस्थेत वडिलांच्या घरी परतते. चेहरा दिसत नाही. कानावर पडतो तो केवळ हेल काढून बोलणारा यांत्रिक आवाज आणि त्याला उत्तर देणारा बाप. हा प्रसंग पडद्यावर इतका परिणामकारक झाला असता का, याची शंकाच आहे. निकोलस ब्रिग्ज यांनी सायबरमेनचे आवाज १९६६ च्या धर्तीवर बेतले, हे येथे फार उपयोगी पडले.

पाचवा डॉक्टर (पीटर डेव्हिसन) आणि नीसा (सारा सटन) यांचा पेच वेगळा. त्यांचा सहप्रवासी एड्रिक १९८२ च्या 'अर्थशॉक' कथेत सायबरमेनशी झुंजताना मरण पावला होता. हा इतिहास उगमापाशीच रोखावा, असे नीसाला वाटते, डॉक्टर कचरतो. नियतीचा उपहास असा की, रूपांतराचे तंत्र स्थिर होते ते त्याच्याच शरीररचनेच्या आधारे.

२००६ मध्ये दूरचित्रवाणीवर 'राइज ऑफ द सायबरमेन' ही समांतर विश्वातील उगमकथा आली, तेव्हा श्रेयनामावलीत प्लॅट यांचे आभार मानले गेले. २०१७ मध्ये मालिकेने मोंडासच्या एका अंतराळयानातील सायबरमेनची निर्मिती दाखविली. पण ग्रहावरील त्या शहराची कथा आजही श्रुतिकेतच ऐकावी लागते.